मोटोक्रॉससाठी लेन्स घेताय? आधी अंतर मोजा

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या, उंचवट्यांच्या ट्रॅकवरची बाईक रेस. फोर्टात दादाभाई नौरोजी रोडवर किंवा आत बोरा बाजारात कुठल्याही कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन विचारा, "मोटोक्रॉस शूट करायचंय, कुठली लेन्स घेऊ?" उत्तर ठरलेलं येईल: ७०-२००, एफ/२.८, म्हणजे ७० ते २०० मिलिमीटर झूम होणारी आणि भरपूर उजेड आत घेणारी लेन्स. उत्तर चूक नाही. पण दुकानदाराने एक प्रश्न विचारलेला नसतो. तुम्ही ट्रॅकपासून किती लांब उभे राहणार आहात? तो प्रश्न स्वतःला न विचारता घेतलेली दोन लाखांची लेन्स ट्रॅकवर आखूड पडते आणि मग माणूस क्रॉप करकरून कंटाळतो. लाखभर वाचवून घेतलेली दुसरीच लेन्स त्या जागेवरून जास्त चांगला फोटो देऊ शकली असती.

तेव्हा दुकान नंतर. आधी घरी बसून थोडा हिशेब करू.

कुठे उभं राहायला मिळणार?

मुंबईकराला मोटोक्रॉस-सुपरक्रॉस बघायचं तर बहुतेक वेळा पुणे किंवा नाशिक गाठावं लागतं. तिथे जायच्या आधी एवढं नक्की करा की तुम्ही तिकीट काढून आत जाणार आहात की आयोजकांकडून मीडिया पास मिळवून. सगळा फरक इथेच पडतो.

तिकीटवाला प्रेक्षक बॅरिकेडच्या मागे असतो. सगळ्यात जवळचं वळण त्याच्यापासून वीस-पंचवीस मीटरवर आणि चांगली उडी नेमकी ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला, साठ-सत्तर मीटरवर. पासवाला मार्शलने (ट्रॅकची सुरक्षा बघणाऱ्याने) परवानगी दिलेल्या जागांवर आत उभा राहू शकतो आणि त्याला सात-आठ मीटरवरूनही बाईक मिळते. एकाच रेसला या दोघांना लागणाऱ्या लेन्स पूर्ण वेगळ्या.

मैदानही बघा. स्टेडियमच्या आत मातीचे ढिगारे रचून केलेला ट्रॅक म्हणजे सुपरक्रॉस. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात झाली, ती या प्रकारातली. तिथे ट्रॅक आटोपशीर असतो आणि अंतरं कमी. उघड्या माळावरचा मोटोक्रॉस ट्रॅक लांबलचक पसरतो. तिथे २०० मिलिमीटरवर बाईक मुंगीएवढी दिसली तर लेन्सला दोष देऊ नका.

दहाचा पाढा

आता हिशेब. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी आतली पट्टी, ३६ मिलिमीटर रुंद असतो. फ्रेममध्ये किती मीटर रुंदी मावेल, हे काढायचं तर ३६ ला अंतराने गुणायचं आणि फोकल लेंथने (लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याने) भागायचं. वीस मीटरवर २०० मिलिमीटर लावली की फ्रेममध्ये ३.६ मीटर मावतात. मोटोक्रॉसची बाईक साधारण २.२ मीटर लांब. म्हणजे बाजूने जाणारी बाईक फ्रेमचा साठेक टक्के भाग व्यापते आणि पुढे जायला थोडी मोकळी जागा उरते. यापेक्षा घट्ट फ्रेम करायच्या भानगडीत पडू नका. चाक कापलं जातं.

यातून एक सोपा पाढा निघतो. बाईक बाजूने जाणार असेल तर अंतर मीटरमध्ये घ्या आणि दहाने गुणा. येईल ती फोकल लेंथ. वीस मीटरला २००, चाळीस मीटरला ४००, साठ मीटरला ६००. उडीचा फोटो हवा असेल, खाली जमीन, वर आकाश, मागे गर्दी, तर पाचाने गुणा. उडी किती उंच होती हे जमीन दिसल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे उडीला लांब लेन्स लावून नुसता रायडर भरणं मला तरी पटत नाही. बाईक समोरून येत असेल तर पंधराने गुणा आणि कॅमेरा उभा धरा. हँडलबार ८० सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो, त्यामुळे समोरून बाईक अंगाने बारीक दिसते आणि जास्त लांब लेन्स चालते.

क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) असेल तर गुणक बदलतात: दहाऐवजी साडेसहा, पाचाऐवजी तीन, पंधराऐवजी दहा. म्हणजे क्रॉप बॉडीवर ७०-२०० तीस मीटरपर्यंत आरामात पुरते. फुल फ्रेमवाल्याला तिथे ३०० लागते. म्हणून "प्रोफेशनल व्हायचंय" म्हणत आधी फुल फ्रेम बॉडी घेऊन मग लेन्ससाठी पैसे न उरलेल्यांची मला जरा कीव येते. या खेळात चांगल्या क्रॉप बॉडीवर चांगली लेन्स हा जास्त शहाणपणाचा सौदा आहे.

पाढ्यावर विश्वास बसत नसेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये करून बघा. कुणाची तरी स्प्लेंडर आडवी उभी असतेच. तिची लांबी दोन मीटरच्या जवळपास, म्हणजे मोटोक्रॉस बाईकपेक्षा थोडीच कमी. तिच्यापासून सत्तावीस पावलं मागे चालत जा. साधारण पाऊण मीटरचं एक पाऊल धरलं तर हे वीस मीटर झाले. जी लेन्स घरात असेल ती लावून फोटो काढा आणि बाईक किती मोठी दिसते ते बघा. मग चाळीस मीटरवर जा. वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो गाडीमालकाला फोन लावेल.

रेस किती वाजता आहे?

एफ/२.८ घ्यायची की कमी उजेड घेणाऱ्या एफ/५.६ वर भागेल, हे ठरवताना घड्याळ बघा. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ आणि शटर १/१०० सेकंद, हा फोटोग्राफरांचा जुना आडाखा. त्यावरून पुढचं काढा: आयएसओ २०० आणि एफ/५.६ वर शटर १/१६०० मिळतं. उडणारी बाईक गोठवायला एवढं भरपूर झालं. म्हणजे दिवसाच्या रेसला एफ/५.६ ची लेन्स कुठेही कमी पडत नाही. आभाळ गच्च भरून आलं तरी तीन स्टॉपचा, म्हणजे तीनदा निम्म्या होणाऱ्या उजेडाचा फरक, आयएसओ १६०० वर काम होतं. आजच्या बॉडींना १६०० म्हणजे काहीच नाही.

चित्र पालटतं ते फ्लडलाइटखाली. स्टेडियममधल्या रात्रीच्या फेरीला एफ/२.८ आणि १/१००० वर आयएसओ ३२०० ते ६४०० ला टेकतो. तिथेच एफ/६.३ ची लेन्स लावली तर तोच आकडा १६००० ते ३२००० होतो. फोटो येतो, पण चिखलाचे शिंतोडे कुठले आणि नॉइजचे (आयएसओ वाढवल्यावर येणारे) ठिपके कुठले ते सांगता येत नाही. रात्रीच्या सुपरक्रॉसला एफ/२.८ ला पर्याय नाही, हे मान्यच करायला हवं. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात आणि एका फ्रेममध्ये उजेड तर पुढच्यात अंधार येतो. बॉडीत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. हे दुखणं कुठल्याही लेन्सने बरं होत नाही.

एफ/२.८ चा दुसरा फायदा म्हणजे मागचे जाहिरातींचे फ्लेक्स धूसर होतात. आपल्याकडच्या ट्रॅकवर हे फार मोलाचं, कारण मोकळी पार्श्वभूमी मिळतच नाही. पण त्याची एक किंमत आहे. वीस मीटरवर, २०० मिलिमीटर आणि एफ/२.८ ला, फुल फ्रेमवर फोकसमध्ये असणारी जागा जेमतेम १.७ मीटर खोल असते. समोरून येणारी बाईक २.२ मीटरची. हेल्मेट धारदार आलं तर मागचं चाक मऊ पडणार. ते चालतं, उलट छान दिसतं. पण फोकस पुढच्या मडगार्डवर चिकटला तर रायडरचे डोळे धूसर येतात. म्हणून उन्हात एफ/२.८ ची लेन्स असली तरी एफ/४ वर वापरा.

फोकसची मोटर

हातातल्या जुन्या किट झूमने (कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या लेन्सने) मोटोक्रॉस जमत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा फोकल लेंथ नसून मोटर असते. उडीच्या कड्यावरून बाईक अचानक दिसते आणि सेकंदाच्या आत तुमच्या अंगावर येते. लेन्सला तेवढ्यात फोकस पकडून पुढे सरकत राहावं लागतं. कॅननमध्ये रिंग किंवा नॅनो यूएसएम, निकॉनमध्ये एएफ-एस, सोनीत लिनियर मोटरच्या लेन्स, हे बघून घ्या. पोर्ट्रेटसाठी नावाजलेल्या ८५ मिलिमीटर एफ/१.२ सारख्या लेन्स इथे आणू नका. त्यांची काच जड असते आणि फोकस निवांत चालतो.

लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण असेल तर ते वापरा. समोर धूळ उडाली की लेन्स फोकस शोधत अगदी जवळपर्यंत जाऊन परत येते, तोवर रायडर गेलेला असतो. लिमिटर लावला की ती फेरी वाचते.

निकॉनवाल्यांना एक खास सूचना. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. बाजारात स्वस्तात मिळणारी जुनी ८०-२०० एफ/२.८ एएफ-डी त्यावर हातानेच फोकस करावी लागेल. एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावून मिररलेसवर (आरसा नसलेल्या नव्या बॉडीवर) वापरायची म्हटलं तरी तेच. कॅननची गोष्ट बरी आहे. जुन्या ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टरवर नव्या बॉडीत ऑटोफोकससकट चोख चालतात, त्यामुळे जुनी ७०-२०० ईएफ हा आज फार चांगला सौदा आहे. सोनीच्या बॉडींवर इतर कंपन्यांच्या लेन्स सेकंदाला १५ फ्रेमपर्यंतच वेग देतात. १५ म्हणजे कमी नाही, पण माहीत असावं.

स्टॅबिलायझेशनवर मात्र फार पैसे घालू नका. १/१००० ला हाताचा कंप तसाही दिसत नाही. ते कामाला येतं पॅनिंगला, म्हणजे जाणाऱ्या बाईकबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढताना: कॅनन आणि सोनीत त्यासाठी मोड २ असतो, निकॉनमध्ये लेन्स पॅनिंग आपोआप ओळखते.

धूळ आणि वजन

मागच्या चाकाने उडवलेल्या मातीच्या फवाऱ्याला रायडर लोक रूस्ट म्हणतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहिलात तर तो थेट अंगावर येतो, आणि त्यात खडेही असतात. त्या बाजूला आणि उडीच्या लँडिंगजवळ कोणीच उभं राहू नये. हे काचेपेक्षा जिवासाठी सांगतोय. रायडर पडला की बाईक याच दिशेला येते. मार्शल "मागे व्हा" म्हणाला की मागे व्हायचं, वाद घालायचा नाही.

लेन्सपुरतं बोलायचं तर मागच्या माउंटला रबराची रिंग आहे का ते बघा, हूड कायम लावा आणि पुढे साधा प्रोटेक्टर फिल्टर लावा. रात्री तो काढा, कारण फ्लडलाइट त्यात उमटून फोटोत हिरवे ठिपके येतात. झूम करताना जिची नळी बाहेर येते ती लेन्स भात्यासारखी हवा आत ओढते, आणि हवेबरोबर धूळ. ७०-२०० एफ/२.८ बहुतेक आतल्या आत झूम होतात, सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० सुद्धा. जिथे माती हवेत तरंगते तिथे हा मोठा फायदा. लेन्स बदलायचीच असेल तर गाडीत बसून, काचा लावून बदला.

वजनाचं म्हणाल तर सोनीची २००-६०० दोन किलोच्या वर, निकॉनची २००-५०० तर २.३ किलो. दादरहून शिवनेरी पकडून पुण्याला जायचं असेल तर ठीक. पण ऑफिसच्या वेळी लोकलने ही बॅग घेऊन दादरला उतरायचं असेल तर आधी विचार करा. दिवसभर हातात धरायची असेल तर मोनोपॉड घ्या. ट्रायपॉड इथे काही कामाचा नाही. कॅननची आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे. टोकाला एफ/८ होते, म्हणून रात्रीला निरुपयोगी, पण उन्हातल्या रेसला हौशी माणसाला मी तीच सुचवेन.

मग नक्की काय घ्यायचं?

तिकीट काढून उन्हात रेस बघणारा हौशी फोटोग्राफर आणि क्रॉप बॉडी: ७०-३०० जातीची चांगल्या मोटरची लेन्स. निकॉनची एएफ-पी ७०-३०० किंवा कॅननची ईएफ ७०-३०० नॅनो यूएसएमवाली. निकॉनच्या जुन्या बॉडींवर एएफ-पी चालत नाही, तेव्हा आपल्या बॉडीचा क्रमांक दाखवून खात्री करा. बऱ्याच जणांची गरज इथेच संपते.

माळावरचे मोठे ट्रॅक आणि लांबचं बॅरिकेड: १५०-६००, २००-६०० किंवा १००-४००. यातली सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० पैशाच्या मानाने उत्तम.

मीडिया पास, रात्रीची रेस, कुणाला तरी फोटो विकायचे: ७०-२०० एफ/२.८ आणि सोबत २४-७०. सुरुवातीच्या गेटवरून सगळे एकदम सुटतात आणि पहिल्या वळणातून आधी बाहेर पडणारा होलशॉट घेतो. ती गर्दी टिपायला लांब लेन्स उपयोगाची नाही.

७०-२०० ला १.४ चा टेलीकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून फोकल लेंथ वाढवणारं भिंग) लावला की २८० एफ/४ मिळते, एक स्टॉप जातो. उन्हात हा तोडगा छान आहे. पण कॅननची पहिली आरएफ ७०-२०० एफ/२.८ कन्व्हर्टर घेतच नाही, आणि आरएफ १००-५०० कन्व्हर्टर लावल्यावर ३०० च्या खाली येत नाही. दुपटीच्या कन्व्हर्टरला दोन स्टॉप द्यावे लागतात आणि फोकसही मंदावतो. मी तो टाळतो.

घेण्याआधी भाड्याने आणा

मुंबईत राहण्याचा या बाबतीतला खरा फायदा हा. सिरियल, जाहिराती आणि लग्नं यांच्या जिवावर अंधेरी-गोरेगावकडे लेन्स भाड्याने देणारे कितीतरी आहेत. ओळखपत्र आणि डिपॉझिट दिलं की दिवसाच्या भाड्याने हवी ती लेन्स मिळते. फक्त लग्नसराईत ७०-२०० आधीच बुक झालेल्या असतात, म्हणून रेसची तारीख कळली की लगेच फोन करा. रविवारी रात्री उशिरा पुण्याहून परतणार असाल तर सोमवारचं भाडं लागेल का, हे आधीच विचारा. ताब्यात घेताना दुकानातच लेन्सच्या पुढच्या-मागच्या काचेचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. आधीचा ओरखडा तुमच्या नावावर पडायला नको.

सेकंडहँड घेताना

दुकानात लेन्स हातात आली की दोन्ही टोप्या काढा. "शेठ, टॉर्च मारून बघू का?" असं विचारा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारा, पुढून आत बघा आणि लेन्स हळूहळू फिरवा. चारदोन धुळीचे कण दिसतील, त्याने फोटोला काही होत नाही. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास असते. साफ करून मिळते, पण कधी कधी काचेवरचं कोटिंग खाऊन टाकते. मधल्या काचेवर सगळीकडे पांढुरका पडदा दिसला, तर समोर दिवा येताच फोटो धुरकट येणार.

मग अ‍ॅपर्चरची पाती बघा, तेलकट डाग नकोत. लेन्स तोंड खाली करून धरा. झूम आपोआप घसरत असेल तर ती खूप वापरलेली आहे. स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या असतील तर कोणीतरी उघडलेली आहे. स्वतःची बॉडी सोबत न्या, दाराशी उभं राहून रस्त्यावरून येणाऱ्या टॅक्सीवर सलग फोकस लावून बर्स्ट (एकापाठोपाठ एक फोटो) घ्या आणि पडद्यावर मोठं करून नंबरप्लेट वाचता येते का ते फ्रेम-फ्रेम तपासा. नवी लेन्स घेत असाल तर पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी मागा. ग्रे मार्केटचा (कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याला वगळून आलेला) माल स्वस्त पडतो, पण मोटर गेली की दुरुस्तीचा सगळा खर्च तुमचा.

रेसच्या आधी हात बसवा

नवी लेन्स घेऊन थेट ट्रॅकवर जाऊ नका. पॅनिंगचा सराव मरीन ड्राइव्हला रविवारी सकाळी करा, गाड्या एका रेषेत, जवळपास सारख्या वेगाने जातात. कठड्याकडून रस्ता जवळ पडतो, म्हणून ७० मिलिमीटरच्या आसपास राहा. १/२५० पासून सुरू करून १/१२५, मग १/६० पर्यंत उतरा. कंबरेतून वळा आणि बटण दाबल्यावरही वळत राहा. समोरून येणाऱ्या गोष्टीच्या फोकससाठी आकाशातल्या घारींसारखा गुरू नाही. मुंबईत त्यांना तोटा नाही, आणि शिवाजी पार्कवर मान वर केली की त्या दिसतात. तिथे ट्रायपॉड उभा केलात तर कोणीतरी येऊन परवानगी विचारतं, हातातल्या कॅमेऱ्याकडे सहसा कोणी बघत नाही.

परत आल्यावर

माळावरची धूळ घेऊन आलेली लेन्स शर्टाने पुसू नका, त्या मातीत काच ओरखडायची ताकद असते. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि शेवटी कापड. झूमच्या नळीवरची माती नळी आत घेण्याआधी झटका. एसी गाडीतून दमट हवेत उतरलात तर बॅग अर्धा तास बंदच ठेवा, नाहीतर काचेवर घाम धरतो.

ठेवायला ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारी ड्राय कॅबिनेट सगळ्यात चांगली. तेवढे पैसे नसतील तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर भाजून परत वापरता येतात. पण त्या निळ्या रंगात कोबाल्टचं क्षार असतं, तेव्हा स्वयंपाकाची कढई घेऊ नका. त्यासाठी एक जुना पत्र्याचा ट्रे वेगळा काढून ठेवा.